आधी मातीची खोली, मग चर

प्रति,
मा. आयुक्त, मृद व जलसंधारण, छत्रपती संभाजीनगर

विषय : जिल्ह्यातील वाळवंटीकरणाचा धोका मातीच्या गुणधर्मांवरून गटनिहाय ठरवण्याबाबत

महोदय,

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे जैसलमेरची वाळू येते, वैजापूरची मुरमाड टेकाडे येत नाहीत. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०१६ साली काढलेल्या नकाशासंग्रहात मात्र महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के जमीन अवनत दाखवली आहे. त्यात देशाचा आकडा २९ टक्के होता.

निवेदनकर्ते वैजापूर-गंगापूर भागातले कोरडवाहू शेतकरी आहेत. त्यांच्या एकाच गटात वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर ओढ्याकडे पहार पुरी उतरते. वरची माती दोन सरींत भिजते, पण आठ दिवस उघडीप पडली की बाजरी माना टाकते. खालची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. पावसात एकदा फुगली की पाणी आत घेत नाही आणि पुढची सर माती घेऊन ओढ्याला लागते. दोन्हीकडे जमीन उजाड होते, पण वेगवेगळ्या कारणांनी.

तिसरी तऱ्हा चोपणाची. सुके ढेकूळ हलकेच पेलाभर पाण्यात सोडावे. धड माती फुटली तरी पाणी बऱ्यापैकी नितळ राहते. चोपणाभोवती थोड्या वेळात गढूळ ढग पसरतो. सोडियममुळे कण सुटे होतात, पावसानंतर वर पापडी धरते आणि पेरलेले उगवत नाही. तिथे कितीही चर खणले तरी जिप्सम आणि निचऱ्याशिवाय गत्यंतर नाही.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्रापासून बोरॉनपर्यंतची अन्नद्रव्ये. खताची मात्रा ठरवायला ते पुरेसे आहेत. पण मातीची खोली, पोत, पाणी मुरण्याचा वेग किंवा सोडियमचे प्रमाण त्यात नाही. म्हणजे जमीन टिकेल का, हा प्रश्नच पत्रिका विचारत नाही! भूमध्य समुद्राकाठी ‘मेडालस’ प्रकल्पात खडक, पोत, खोली, उतार, निचरा यांना गुण देऊन धोक्याचे नकाशे केले गेले. जल व भूमी व्यवस्थापनाची वाल्मीसारखी संस्था १९८० पासून याच शहरात असताना ते इथे अवघड नसावे.

म्हणून निवेदनकर्त्यांची मागणी आहे की, पाणलोटाचे कोणतेही काम मंजूर करण्यापूर्वी त्या गावात खड्डे घेऊन पत्रिकेत नसलेले हे चार गुणधर्म मोजावेत आणि गटवार नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. भारी काळ्या रानात समतल बांध घालू नयेत. पाणी तुंबून ते भेगांतून फुटतात, तिथे ढाळीचे बांध हवेत. ‘गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणांतून काढलेला गाळ आधी मुरमाड रानाला द्यावा. काळ्या रानात तो पसरणे म्हणजे आधीच न मुरणाऱ्या पाण्याची वाट आणखी अडवणे. आणि गाळाची पहिली ट्रॉली भरण्याआधी त्या गाळाचाही नमुना तपासावा.

आपले विश्वासू,
कोरडवाहू शेतकरी, वैजापूर व गंगापूर तालुके