विश्लेषण : वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज? आधी तापमान विचारा!

सिमेंटची भट्टी असो की पोलादाची, इंधनातली बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. तिच्यातून थेट वीज देणारे सिरॅमिक सापडल्याच्या बातम्या अधूनमधून मोबाइलवर झळकतात. त्यात मोठा आकडा असतो. तो कोणत्या तापमानाला मिळाला, हे बहुधा नसते. आमच्या मते खरी बातमी तीच असते.

वीज कशी मिळते?

पदार्थाचे एक टोक तापवले आणि दुसरे थंड ठेवले, की विद्युतभार थंड टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांत व्होल्टेज तयार होते. हा सीबेक परिणाम १८२१ पासून ठाऊक आहे. भट्टीचे तापमान मोजणारे थर्मोकपल यावरच चालते. नेहमीचे के-टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देते. वीजनिर्मितीला मात्र नुसते व्होल्टेज पुरत नाही. पदार्थातून वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता वाहता कामा नये, नाहीतर दोन्ही टोके सारखीच तापतील. या सगळ्याचा मेळ ‘झेडटी’ या अंकाने मोजतात.

लॅन्थॅनम कोबाल्टाइटचे काय होते?

लॅन्थॅनम हा दुर्मिळ मृदा धातू, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे हे सिरॅमिक. शुद्ध असेल तर खोलीच्या तापमानाला अंशाला काहीशे मायक्रोव्होल्ट! पण विद्युतरोध इतका, की हाती येणारी वीज नगण्य. थोड्या लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले तर वीज वाहू लागते, पण व्होल्टेज घसरते. तापवत नेले की आणखी गंमत. कोबाल्टमधल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलत जाते आणि साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास हे सिरॅमिक धातूसारखे वागू लागते. रोध कोसळतो, त्याबरोबर व्होल्टेजही काही दहा मायक्रोव्होल्टवर येते. म्हणजे भट्टीसाठी बघायला गेलात, तर खोलीत मोजलेला आकडा कामाचाच नाही.

मग ऑक्साइडचा हट्ट का?

बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी १ च्या घरात असतो, पण खोलीच्या तापमानाच्या आसपास. २५० अंशांच्या पुढे त्याचा उपयोग सरतो. शिवाय चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बिस्मथ आणि टेल्युरियम या दोन्हींच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. ऑक्साइड आधीच ऑक्सिजनशी बांधलेले, त्यामुळे उघड्या हवेत ७००-८०० अंशांनाही टिकतात. लॅन्थॅनम मिसळलेले स्ट्रॉन्शियम टायटनेट किंवा यटर्बियम मिसळलेले कॅल्शियम मँगनेट या तापमानाला काम करते; झेडटी मात्र अजून १ च्या बराच खाली आहे. लॅन्थॅनम केरळ, ओडिशा, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत आहे. ‘दुर्मिळ’ हे नाव तसे फसवेच. कोबाल्ट मात्र आयात करावे लागते.

तेव्हा या संशोधनाला पैसा मिळावा, यात वाद नाही. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेने एकच चमकदार आकडा न देता खोलीपासून ८०० अंशांपर्यंतचा पूर्ण आलेख द्यावा, आणि तुकडा हवेत किती तास तापवून पुन्हा मोजला, हेही सांगावे.