खेळातले सोंग

भातुकली मांडून बसलेल्या मुलीचे बोलणे कधी आडून ऐकावे. ती बाहुलीला दटावीत असते, "औषध घेतल्याखेरीज अंगणात जायचे नाही!" आवाज तिचा असतो, पण शब्द आणि धाक आईचा असतो. स्वतः तापाने फणफणली असताना जे मुकाट्याने ऐकून घ्यावे लागले, तेच ती आज दुसऱ्याला ऐकवीत असते. मोठी माणसे हे पाहून हसतात आणि म्हणतात, "पोरखेळ!" हा शब्द असा तुच्छतेने उच्चारलेला मला आवडत नाही. मनात साठलेले, पण नीट सांगता न येणारे असे जे असते, ते मूल खेळातून बाहेर काढते. आणि तसे करताना घटकाभर दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहते. ही दोन्ही कामे मोठ्यांनाही सहजासहजी साधत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना शहरात याकोब मोरेनो हा तरुण वैद्यकाचे शिक्षण घेत होता. तेथील बागांत तो मुलांना गोष्टी सांगे आणि त्यांच्याकडूनच त्या वठवून घेई. पुढे डॉक्टर झाल्यावर मनाच्या व्याधींवर इलाज करताना त्याने हीच वाट धरली. १९२५ साली तो अमेरिकेत गेला आणि १९३६ साली बीकन या गावी त्याने रुग्णालय काढले. त्या रुग्णालयात एक रंगमंचही होता! रुग्णाने आपले दुःख केवळ सांगायचे नाही, तर करून दाखवायचे, अशी ही मनोनाट्याची रीत. बापलेकांचे पटत नसेल, तर लेकाने बापाची भूमिका घ्यायची आणि लेकाची भूमिका दुसऱ्याने. मुलांनो, तुमच्या एखाद्या भांडणात हा प्रयोग करून पाहा. भांडण मिटेलच असे नाही. परंतु समोरच्याचे म्हणणे आपण धड ऐकलेच नव्हते, एवढे तरी ध्यानात येईल.

जेथे शब्दच उरत नाहीत, तेथे शरीराची हालचाल कामी येते. मेरियन चेस ही नर्तकी १९४२ सालापासून वॉशिंग्टन येथील एका मोठ्या मनोरुग्णालयात जाऊ लागली. कोणाशीच न बोलणारा रुग्ण जागच्या जागी डोलत असला, तर तीही त्याच्यासमोर तशीच डोले. 'मी तुझ्यासोबत आहे,' हे तिने न बोलता सांगितलेले असे. आपल्याकडे फुगडी घालणाऱ्या मुलींना यात नवल वाटणार नाही. एकीने दुसरीचा तोल सांभाळला नाही, तर फुगडी होतच नाही.

त्याच १९४२ साली, दूर पोलंडमध्ये, वॉर्सा शहराच्या ज्यू वस्तीत काही मुलांनी एक नाटक केले. नाझी राज्यकर्त्यांनी ती वस्ती भिंत घालून कोंडली होती. आत उपासमार होती, रोगराई होती. तेथे डॉक्टर यानुश कोर्चाक सुमारे दोनशे अनाथ मुलांना सांभाळीत होते. हे अनाथगृह ते तीस वर्षे चालवीत आले होते. १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या मुलांनी जे नाटक केले, ते रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. त्यातील अमल हा आजारी मुलगा. वैद्याने त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. तो खिडकीत बसतो. दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना अमल कोण, हे समजावून सांगावे लागले असेल काय?

चारच दिवसांनी त्या वस्तीतून माणसे मृत्युछावणीकडे नेण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मुलांचीही पाळी आली. कोर्चाकांना निसटून जाणे शक्य होते. ते मुलांसोबत गेले. त्यांतले कोणीही परतले नाही.

मग त्या नाटकाचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. नाटकाने प्राण वाचले नाहीत, हे खरेच आहे. आणि खेळ ही सर्व दुखण्यांवरची मात्रा आहे, असे मीही म्हणत नाही. मनाच्या आजारावर त्या विषयातील जाणकारच हवा. परंतु नाटक बसवायचे म्हणजे तालमी आल्या, संवाद पाठ करणे आले, सोबत्याचा शब्द संपण्याची वाट पाहणे आले. तेवढा काळ ती मुले केवळ कोंडलेली मुले नव्हती. कोणी दहीवाला होते, कोणी सुधा होती. त्यांच्याजवळचे सारे हिरावून घेतले गेले असता एवढे त्यांचे स्वतःचे होते, आणि माझ्या मते ते थोडे नव्हते.

पुढे १९७८ साली मुलांच्या हक्कांच्या जागतिक कराराचा मसुदा प्रथम मांडला, तो पोलंडनेच. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी करार संमत केला, १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकातून पहिली गच्छंती खेळाच्या तासाची होते, आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी वर्गाची किल्ली मागणाऱ्या मुलांना शिपायामागे चार फेऱ्या घालाव्या लागतात. तो तास गणिताला देऊ नये, असे माझे मत आहे. गणिताच्या शिक्षकांशी मी यावरून अनेकदा वाद घातला आहे, आणि निवृत्तीनंतरही तो मिटलेला नाही.