विमानांतील शेजारधर्म

आगगाडीच्या डब्यांत शेजाऱ्याशीं कसें वागावें, हें आपल्या कुटुंबांतील मुलें आजी-आजोबांबरोबर प्रवास करतां करतां शिकत आलीं. विमानप्रवास मात्र आपल्या घरांत इतक्या झपाट्यानें शिरला कीं, त्याचे रीतिरिवाज घालून द्यावयास वडीलधाऱ्यांना सवडच मिळाली नाहीं. म्हणून आसन आणि हातांतील सामान यांविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आसन. देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक विमानांत मधल्या वाटेच्या दोहों बाजूंस तीन-तीन आसनें असतात. खिडकी मुलांना प्रिय. ज्यांना वारंवार उठावें लागतें, बसून बसून ज्यांचे पाय सुजतात, त्या वृद्धांना वाटेलगतची जागा बरी. हेलकाव्यांनीं ज्यांना मळमळतें त्यांनीं पंखांजवळची जागा मागावी. शेपटीकडे हेलकावे अधिक जाणवतात. राहिलें मधलें आसन. त्याला ना खिडकी, ना वाट. म्हणून हात टेकावयाच्या दोन्ही दांड्या तेथें बसणाराच्या, असा संकेत पडत चालला आहे व तो आम्हांस न्याय्य वाटतो. कुटुंबास एकत्र बसावयाचें असेल, तर जागा अगोदरच निवडाव्या. आयत्या वेळीं परक्याकडे अदलाबदल मागण्याचा प्रसंग आलाच, तर आपली चांगली जागा देऊन त्याची मधली घ्यावी. 'मूल लहान आहे' हें कारण विनंतीचें आहे, हक्काचें नव्हे.

आतां सामान. देशांतर्गत प्रवासांत बहुतेक भारतीय कंपन्या साध्या वर्गाच्या उतारूस ७ किलो वजनाची, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटरपर्यंतची पिशवी आंत नेऊं देतात. ती ठेवावयाचें डोक्यावरील फडताळ हें एकत्र कुटुंबांतील कोठीघरासारखें सामाईक असतें. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण आपल्याच ज्ञातीवर रचलेली. ती खोटी ठरविण्याची जबाबदारीहि आपलीच! लहान पिशवी पुढील आसनाखालीं सरकवावी. जी पेटी आपल्यानें उचलवत नाहीं, ती शेजाऱ्याच्या खांद्यावर न टाकतां प्रारंभींच तळाच्या सामानांत सोपवावी.

इथवर सौजन्याची गोष्ट झाली. यापुढें जीविताचा प्रश्न आहे. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरतांना जपान एअरलाइन्सच्या एका विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशीं टक्कर होऊन दोन्ही पेटलीं. लहान विमानांतील सहांपैकीं पांच जण दगावले. परंतु मोठ्या विमानांतील सर्व ३७९ माणसें जिवंत बाहेर पडलीं. आठांपैकीं तीनच दारें वापरण्याजोगीं उरलीं असतां हें घडलें, याचें एक मोठें कारण असें कीं, बहुतेक उतारूंनीं आपलें सामान जागच्या जागीं सोडलें. मोठ्या विमानाचा नवा नमुना मंजूर होण्यापूर्वीं, निम्म्याच दारांतून सारीं माणसें ९० सेकंदांत बाहेर पडूं शकतात, हें सिद्ध करावें लागतें. त्या हिशेबांत फडताळ उघडून पेटी काढण्यास एक क्षणहि धरलेला नाहीं.

आपल्या पेटींत आजीचे देव असतात, सुनेचे दागिने असतात, नातवाचीं पदवीचीं कागदपत्रें असतात. तीं सहजासहजीं सोडवत नाहींत, हें आम्ही जाणतों. म्हणूनच हा निर्णय धुरांत नव्हे, घरीं व्हावा. पासपोर्ट, औषधें, चष्मा आणि जीव जडलेली एखादी लहानशी वस्तु अंगावरील बटव्यांत ठेवावी. बाकी सारें मागें राहिलें तरी चालेल, अशा तयारीनें पेटी भरावी. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरांतील कर्त्या माणसानें ही गोष्ट सर्वांना, विशेषतः प्रथमच विमानांत बसणाऱ्या वृद्धांना, न घाबरवितां समजावून सांगावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.