नकाशातले डोंगर आणि जंगलातली माणसं



वनहक्काचा दावा घेऊन गेलं की आपल्याला हमखास एक उत्तर मिळतं : "नकाशात तिथं शेत दिसत नाही." साहेबानं नकाशा टेबलावर पसरला की आपली जाणती माणसंपण गप्प बसतात. जणू देवाचा कौलच लागला! म्हणून नकाशे कसे बनतात त्याची एक खरी गोष्ट आम्ही सांगतो.

जेम्स रेनेल नावाचा इंग्रज होता. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला १७६७ साली बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमला. तिथं त्यानं नद्या, रस्ते, गावं वर्षानुवर्षं मोजून काढली. कंपनीला सारा वसूल करायचा होता ना! पुढं विलायतेत बसून त्यानं आफ्रिकेचा नकाशा केला. मंगो पार्क नावाच्या प्रवाशानं लांबून काही डोंगर दिसल्याचं सांगितलं होतं. तेवढ्यावर रेनेलनं १७९८ साली पश्चिम आफ्रिकेत आडवी लांबच लांब डोंगररांग काढली. तिला नाव पडलं 'काँगचे डोंगर'. मग एकाचं बघून दुसऱ्यानं काढली, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. नव्वदेक वर्षं हे चाललं. १८८८ साली बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी स्वतः काँगला गेला, तेव्हा कळलं की अशी रांगच नाही. हा बिंजेपण काही गरिबांचा कैवारी नव्हता, फ्रान्सचं राज्य वाढवायलाच फिरत होता. पण तो जागेवर गेला. काँगच्या माणसांना तर हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना विचारतो कोण?

आपल्याकडं उलटं झालं. तिथं नसलेला डोंगर काढला, इथं असलेली माणसं काढलीच नाहीत. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७ च्या कायद्यानं जंगलाला हद्दी घातल्या. कितीतरी ठिकाणी आपली शेतं, पाणवठे, देवाच्या जागा हद्दीच्या आत गेल्या आणि कागदावर नुसतं 'राखीव वन' उरलं. कोरी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथं कोणी विचारायला गेलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

काही साथी म्हणतात, नकाशे साहेबांचे, आपल्याला नकोत. आम्हाला हे पटत नाही. नकाशा सोडला तर तो त्यांच्याच हातात राहील. आपला नकाशा आपण करू. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, बांधबंदिस्ती, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सगळे पुरावे धरले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या बदली चालणार नाही.

तेव्हा प्रत्येक पाड्यानं एवढं करावं. म्हाताऱ्यांना पुढं घालून शिवारफेरी काढा. ओहोळ, मोहाची जुनी झाडं, घरांची जोती, बांध नावासकट उतरवा. बायकांना सोबत घ्या, पाण्याच्या आणि कंदमुळांच्या जागा त्यांनाच जास्त ठाऊक. ग्रामसभेत वाचून ठराव करा. दावा फेटाळला तर लेखी कारण मागा आणि ६० दिवसांत अपील करा.

कोणी म्हणालं नकाशात दिसत नाही, तर एकच सांगा : साहेब, जागेवर चला.

जल, जंगल, जमीन आमची!