एक खोली, दोन विद्यार्थी

जयपूरच्या तिलक नगरातील एखाद्या गल्लीत दुपारी एक तरुण स्त्री खोली शोधत फिरते आहे, अशी कल्पना करा. राजस्थान विद्यापीठ येथून जवळच. साहजिकच विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देणे इथल्या घरमालकांना नवे नाही. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, भाडेही परवडणारे आहे. तेवढ्यात घरमालकीणबाईंचे लक्ष तिचे बोट धरून उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाकडे जाते. ‘हा पण राहणार? आणि याचे वडील कुठे असतात?’

वडील नाहीत, हे कळल्यावर बाईंचा आवाज मऊ होतो. पण खोली मात्र अचानक ‘कालच दिली’ झालेली असते.

वसतिगृहाचा मार्ग तर आधीच बंद असतो. कॉलेजचे वसतिगृह मुलीसाठी असते, मुलीच्या मुलासाठी नसते. म्हणजे शिकायचे असेल तर मूल माहेरी सोडा आणि मूल सांभाळायचे असेल तर शिक्षण सोडा! नवरा गेलेल्या किंवा नवऱ्याने सोडलेल्या कितीतरी स्त्रिया याच वळणावर दुसरा पर्याय निवडतात. मग आयुष्यभर शिवणयंत्र किंवा दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण जिला शिक्षिका व्हायचे होते, तिने ते नाइलाजाने का करावे?

फी मिळते, हजेरी मिळत नाही

सरकार काहीच करत नाही, असे म्हणता येणार नाही. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांनी बी.एड. केल्यास त्यांची फी परत देणारी संबल योजना राजस्थानात आहे. 2005 मध्ये तेथे सुरू झालेली ‘पालनहार’ योजना अशा अनेक मुलांसाठी दरमहा मदत देते. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत गेले पाहिजे, एवढी अट. पुढे सरकारी भरतीत महिलांसाठी राखून ठेवलेल्या 30 टक्के जागांपैकी एक तृतीयांश विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी आहेत. दाराच्या पलीकडे नोकरी आहे, दाराशी फीचे पैसे आहेत. अडते ते मधल्या दोन वर्षांत.

बी.एड. घरी बसून करण्याचा अभ्यासक्रम नाही. 2014 च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला. वर्षाला किमान 200 दिवस, आठवड्याला किमान 36 तास. वर्गात 80 टक्के हजेरी आणि शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात 90 टक्के. दुसऱ्या वर्षी हे शिकवणे 16 आठवड्यांचे असते. हिशेब केला तर त्या चार महिन्यांत गैरहजेरीची सूट मिळते जेमतेम आठ-नऊ दिवसांची.

आता मुलाला कांजिण्या आल्या तर? आठवडाभर त्याला शाळेत कोणी घेणार नाही. आईची बरीचशी सूट एका आजारपणात संपली. महिन्याभराने साधा ताप आला, तरी तिचे वर्ष पणाला लागते. फी परत मिळते, पण बुडालेली हजेरी कोण परत देणार? म्हणून अशा आईला पैशाइतकीच दोन गोष्टींची गरज असते. मुलासह राहता येईल अशी खोली, आणि अडीअडचणीच्या दिवशी मुलापाशी बसणारे एक माणूस.

रमाबाईंचा करार

ही गरज आजची नाही. पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधवी 1882 मध्ये वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी तिला घेऊन रमाबाई इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील मठातील भगिनींनी त्यांना राहायला जागा दिली. ती फुकट नव्हती. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना रमाबाई मराठी शिकवत आणि स्वतः इंग्रजी शिकत. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकल्या, तेथे त्यांनी संस्कृतही शिकवले. त्या काळात मनोरमेच्या संगोपनाला वाँटेजचा मोठा आधार होता. 1889 मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढताना निवारा आणि शाळा एका छपराखाली असली पाहिजे, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही.

याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली, पदरी एक मुलगा. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून त्या कर्व्यांच्या आधाराने पुण्याला आल्या आणि मुलाबरोबर आईही शिकू लागली. कर्व्यांनी 1896 मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी याच पार्वतीबाई गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, 1918 मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. एका विधवेला मुलासह थारा दिला, तर ती पुढे किती जणींना थारा देते, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही.

आज काय करता येईल?

केंद्र सरकारच्या नोकरदार महिला वसतिगृहांना आता ‘सखी निवास’ म्हणतात. 2022 च्या नियमांनुसार तेथे आईबरोबर मुलीला 18 वर्षांपर्यंत आणि मुलाला 12 वर्षांपर्यंत राहता येते. पूर्वी मुलासाठी ही मर्यादा पाचच वर्षे होती. नोकरीसाठीचे प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांनाही एकूण जागांच्या 30 टक्क्यांपर्यंत प्रवेश देता येतो. तेव्हा ‘मी नोकरीत नाही’ म्हणून परत फिरू नका. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी जरूर करा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘पाळणा’ योजनेची पाळणाघरे आहेत. ती जवळ कुठे आहेत, हेही तेथेच विचारा. महाराष्ट्रातील एकल पालकांनी बालसंगोपन योजनेची माहिती घ्यावी.

पदवी राहिली असेल, तर ती मुक्त विद्यापीठातून पूर्ण करता येते. कोट्याचे मुक्त विद्यापीठ 1987 पासून, तर नाशिकचे 1989 पासून हेच काम करत आहे. पदवीची वर्षे माहेरी राहून काढावीत आणि रोजच्या हजेरीची दोन वर्षेच शहरात काढावीत, ही आखणी अनेकींना झेपण्यासारखी आहे. प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांना आपली परिस्थिती सांगावी. मूल आजारी पडल्यावर सांगितलेले कारण सबब वाटते, आधी सांगितलेले नियोजन वाटते. सरावाची शाळा घराजवळची मिळावी अशी विनंती करावी. ती मान्य झाली तर रोजचा तासभर वाचतो.

एकट्या बापाची अडचण तर याहून अवघड. त्याच्यासाठी ‘सखी निवास’ही नाही. शिकता शिकता मूल वाढवणाऱ्या बापाकडे कौतुकाने पाहणारे खूप, खोली देणारे थोडे.

शेवटी गोष्ट पुन्हा त्या जिन्यापाशी येते. वरची खोली रिकामी असलेल्या कुटुंबाने भाडे जरूर घ्यावे. उपकार नकोतच. पण रमाबाईंसारखा करार करायला काय हरकत आहे? संध्याकाळी तिने तुमच्या नातवंडांचा अभ्यास घ्यावा, तिचे मूल तापाने फणफणले तर दुपारी आजींनी त्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी. दोन वर्षांनी ती शिक्षिका होऊन बाहेर पडेल. मूलही तिसरीत गेलेले असेल.

वडील कुठे असतात, हे मात्र विचारू नये. शाळा किती वाजता सुटते, एवढे विचारले तरी पुरे.