नवा नर थेट कळपात नको. महिनाभर वेगळा ठेवणंच स्वस्त

बदलापूर : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या वराहपालकांनी पैदाशीचा नर विकत आणताना घाई टाळायला हवी. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या योजनेत 100 माद्यांमागे 10 नर धरले आहेत. म्हणजे एक नर आजारी निघाला, तर दहा माद्या गोत्यात. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर उपचार नाही. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकरांची शेडच्या शेड रिकामी होते. लागण झालेलं जनावर सुरुवातीचे काही दिवस ठणठणीत दिसतं, फसगत होते ती इथेच.

म्हणून नवा नर किमान 30 दिवस दूरच्या शेडमध्ये ठेवावा. त्याचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी, बूट-बादली वेगळी. तपासणीत निरोगी ठरला की पुढचे काही आठवडे कळपातली एखादी जुनी मादी शेजारच्या कप्प्यात ठेवावी. इथल्या जंतूंची त्याला सवय होते. हॉटेलचं उष्टं अर्धा तास उकळूनच घालावं.

छोट्या पालकांची अडचण जागेची. दोघा-चौघांनी एकाच वेळी खरेदी करून सामाईक शेड उभारली, तर खर्च वाटला जाईल. अचानक मरतुक झाली, तर विक्री थांबवून 1962 वर कळवावं. लपवलेला आजार शेजाऱ्याच्याही दारात जातो.