रसचर्चा आणि द्राक्षरस

मराठी समीक्षेचे भांडवल बव्हंशी जिभेवरून आलेले आहे. रस, आस्वाद, चर्वणा, रुची, अभिरुची एवढे शब्द काढून घेतले तर एम. ए.च्या वर्गात साहित्यशास्त्राची तासिका पुरी करणे आम्हां अध्यापकांना अवघड जाईल. रसप्रक्रिया उलगडताना अभिनवगुप्ताला पानकाचा, म्हणजे अनेक पदार्थ मिसळून सिद्ध केलेल्या पेयाचा, दृष्टान्त घ्यावासा वाटला. तो आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकेत आम्हांला परत करतात. अशा या व्यावसायिक आस्वादकांसमोर एखाद्या रविवारी नाशिककडच्या द्राक्षबागा पाहाव्यात, चार प्रकारच्या वाइन चाखाव्यात आणि रात्री घरी परतावे असा बेत मांडला, की अर्धी स्टाफरूम म्हणते, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. उरलेली अर्धी म्हणते, हे आपल्या खिशात बसत नाही. आमच्या मते या दोन्ही सबबी आहेत.

आधी संस्कृती. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे, आणि भडोचशी व्यापार करणारी पेठ म्हणून आमचे पैठणही त्याच ग्रंथात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातील मंडळी पेले घेऊन बसलेली आहेत. विद्यार्थ्यांची सहल नेताना आपण त्यांच्याखालून मान खाली घालून जातो, एवढेच. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने येथील द्राक्षे-डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो अशी नोंद केली आहे. आणि ज्यांना हा सारा इतिहास परका वाटतो, त्यांच्या घरच्या फडताळात अशक्तपणावरचे औषध म्हणून द्राक्षासवाची बाटली असते. त्यातील मद्यार्क आंबवण्यातूनच तयार होतो, हे त्यांना ठाऊक नसते असेही नाही.

मराठी साहित्याने या बाबतीत आपल्याला दोनच टोके दिली. एकीकडे गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. १९१९ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर, तो रंगभूमीवर आला आणि पेला म्हणजे सुधाकराचा सर्वनाश हे समीकरण त्याने कायमचे ठरवून टाकले. दुसरीकडे माधव जूलियनांची ‘द्राक्षकन्या’, जिच्यात मदिरा हे निव्वळ रूपक. (१९८०च्या दशकात नारायणगावच्या एका कारखान्याने आपली फेसाळती वाइन परदेशांत ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली. रूपकाने निदान निर्यात तरी साधली.) सर्वनाश आणि रूपक यांच्यामध्ये जी साधी वस्तू आहे, म्हणजे शेतकऱ्याच्या द्राक्षाचा आंबवलेला रस, तिच्याबद्दल आमची भाषा जवळजवळ मुकी राहिली. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा जो वाद पेटला, त्यातही हेच मुकेपण दिसले. एका बाजूला ‘मद्यराष्ट्र’ हा अनुप्रासयुक्त शब्द, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याच्या उत्पन्नाची आकडेमोड. चवीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. निर्णय पुढे अंमलात आलाच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गावातील दुकान बंद व्हावे म्हणून मतदान करून बाटली आडवी करणाऱ्या स्त्रियांशी आमचा वाद नाही. त्यांनी भोगलेले आहे. आमचा वाद आहे तो त्यांचे दुःख उसने घेऊन नैतिक उंची गाठणाऱ्या, एरवी सुखवस्तू अशा पगारदार मंडळींशी.

आता खिसा. ज्यांना हा बेत म्हणजे श्रीमंतांचा चोचला वाटतो त्यांनी बहुधा मुक्कामाचे दर पाहिलेले असतात. मुक्काम करूच नये. चौघांनी एक गाडी करावी, इंधन वाटून घ्यावे आणि चौघांपैकी एकाने, जो चालवणार आहे त्याने, एक थेंबही घेऊ नये. तसा कोणी नसेल तर रेल्वेने नाशिकरोड गाठावे. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून जोडून सुट्टी मिळेल तो आडवार बरा. वैजापूर, येवला, विंचूर, निफाड हा रस्ताच मुळी द्राक्षांतून जातो. विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेला वाइन पार्क आहे. गंगापूर धरणाच्या काठची नावाजलेली ठिकाणे पुढे, नाशिकपलीकडे. दिवसात दोन ठिकाणे पुरेत. आधी दूरध्वनी करून चाखण्याचे शुल्क आणि वेळ विचारावी, भाकरी-पिठले घरून न्यावे आणि वाटेत खावे. तेथील उपाहारगृह आणि बाटल्यांचे दुकान ही दोनच ठिकाणे खिसा रिकामा करतात. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, तेव्हा घड वेलीवर पाहायला मिळतात. हा सारा खर्च एखाद्या चर्चासत्राच्या नोंदणीशुल्काशी ताडून पाहावा; चर्चासत्रात चाखायला काय मिळते ते सर्वांना माहीत आहे.

मग अडते कुठे? आमच्या गटाला एका टेस्टिंग रूममध्ये ते कळले. समोरचा तरुण निफाड तालुक्यातील, आम्ही मराठीचे प्राध्यापक, द्राक्षे पलीकडच्या बागेतील. आणि तरीही तो पाठ केलेल्या इंग्रजीत आम्हांला पीच, लिची आणि ओकच्या पिंपाचे गंध सांगत होता. आम्ही माना डोलावत होतो. आमच्यापैकी कोणीही पीच झाडावर पाहिलेले नव्हते. दोष त्या मुलाचा नाही. त्याला मराठीत विचारणारा गिऱ्हाईक भेटलेला नसावा. आम्ही खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांतला फरक विचारला मात्र, आणि तो एकदम मोकळा झाला: एप्रिलात काडी कशी तयार करतात, ऑक्टोबरात फळासाठी कशी छाटतात, भुरी आणि करपा केव्हा येतो. वाइनचे द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, जाड सालीचे, बियांचे असते आणि लाल वाइनचा रंग रसात मुरत ठेवलेल्या सालीचा असतो, हेही त्याने मराठीतच सांगितले. कारण बागेची भाषा मराठी आहे. ती बागेच्या फाटकापाशीच थांबते आणि पेल्यापाशी इंग्रजी सुरू होते.

ही फाटकाची रेघ ओढली कोणी? वाइन कंपन्यांनी ओढली हे खरे, पण ती पुसण्याची ज्यांची पात्रता होती ते आम्ही, षड्रसांची नावे घोकून घेणारे, संस्कृती आणि खिसा यांच्या आड दडून बसलो. ज्याला ते टॅनिन म्हणतात त्यासाठी आपल्याकडे कषाय आहे, तुरट आहे. कच्च्या जांभळाने जीभ जड होते तो अनुभव आहे. पांढऱ्या वाइनने दात आंबतात. काही वाइन कवठासारख्या आंबटतुरट, काही अळणी, काही उग्र. आणि एखादी अशी, की आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येते तशी गोडी मागाहून येते. हे शब्द कोशातून आणावे लागत नाहीत.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत जे मित्र निघतील त्यांनी भाकरीबरोबर एक वहीही घ्यावी, प्रत्येक पेल्यापुढे निदान एक मराठी विशेषण लिहावे, आणि ‘छान’ हा शब्द बाद धरावा.